चागोस बेटे : ‘तात्पुरते मजूर’ ठरवून हाकललेली माणसे

एखाद्याला घराबाहेर काढायचे असेल, तर ते घर त्याचे नव्हतेच असे आधी कागदावर लिहून घेतात. हिंदी महासागरातील चागोस बेटांवर असेच झाले. या बेटांबाबत २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करार केला. बातम्यांत चर्चा झाली ती लष्करी तळाची. आम्हाला बोलायचे आहे ते तिथल्या माणसांबद्दल.

हे लोक कोण?

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी नारळाच्या मळ्यांसाठी मोझांबिक आणि मादागास्करमधून गुलाम करून आणलेली माणसे इथे वसवली. पुढे बेटे ब्रिटिशांकडे गेली, गुलामगिरी संपली, दक्षिण भारतातूनही काही मजूर आले. त्यांची मुले-नातवंडे इथेच जन्मली. त्यांची स्वतःची क्रिओल बोली घडली, चर्च उभी राहिली, दफनभूमी झाल्या. म्हणजे जबरदस्तीने आणलेल्यांच्या वंशजांनी ही भूमी आपली केली होती.

कागदावरचा डाव

मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी, १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस त्यापासून तोडून वेगळा प्रदेश बनवला. अमेरिकेला दिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता, तोही रिकाम्या बेटावर. पण बेटावर कायम रहिवासी आहेत असे मान्य केले, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार त्यांच्या हिताची जबाबदारी घ्यावी लागली असती. म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या रहिवाशांना कंत्राटी, तात्पुरते मजूर ठरवले. अधिकाऱ्यांच्या आपसातील टिपणांत त्यांचा उल्लेख ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ असा थट्टेने झालेला आहे.

मग हुसकावणे सुरू झाले. उपचारासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले गेले. बेटांवरचा पुरवठा आटत गेला. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे करताना लोकांची पाळीव कुत्री मारून टाकली गेली. १९७३ पर्यंत पेरोस बान्योस आणि सॉलोमन बेटेही ओस पडली. दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडली. नारळाच्या कामापलीकडे दुसरा धंदा माहीत नसलेले अनेक जण पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत कंगाल झाले. १९८२ मध्ये ब्रिटनने ४० लाख पौंडांची भरपाई देऊ केली. ती घेताना अनेकांनी परतीचा हक्क सोडल्याच्या इंग्रजी कागदांवर अंगठे उमटवले. त्या कागदांत काय लिहिले आहे हे आपल्याला कळलेच नव्हते, असे त्यांनी पुढे सांगितले.

न्यायालयात काय झाले?

नोव्हेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदेशीर ठरवली. २००४ मध्ये सरकारने संसदेला बगल देऊन, राणीच्या आदेशाने परतीचा मार्ग पुन्हा बंद केला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मात्र चागोस वेगळे करणेच बेकायदेशीर होते, असा सल्लागारी अभिप्राय दिला. त्यानंतर आमसभेत ११६ देशांनी ब्रिटनने माघार घ्यावी या बाजूने मत दिले. त्यांत भारतही होता.

आज बेटावर कोण?

दिएगो गार्सियावर अमेरिकी सैनिक आहेत, कामाला फिलिपिनो कंत्राटी कामगार आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये श्रीलंकेतून निघालेल्या तमिळ आश्रितांची बोट संकटात सापडली आणि त्यांना इथे उतरवले गेले. ते तीन वर्षे तंबूंत अडकून पडले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना असे डांबून ठेवणे बेकायदेशीर ठरवले. बाहेरून माणसे येत राहिली. फक्त ज्यांचे पूर्वज इथे पुरले आहेत त्यांनाच राहायला मनाई आहे.

नव्या करारात चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे ठरले, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे राहणार. मॉरिशस इतर बेटांवर लोकांना पुन्हा वसवू शकेल, पण दिएगो गार्सियावर नाही. वाटाघाटींत आपल्याला कुणी विचारले नाही, अशी अनेक चागोसवासीयांची तक्रार आहे. आज त्यांचा मोठा समाज इंग्लंडमधील क्रॉली गावात राहतो.

आमचे म्हणणे साधे आहे. बेट कोणत्या देशाचे हे दोन सरकारांनी ठरवले, तरी तिथल्या माणसांचा प्रश्न उरतोच. ‘तात्पुरते’ हा एक शब्द पिढ्यांचा हक्क पुसू शकतो. म्हणून सरकारी कागदावर आपल्याला काय म्हटले आहे, हे प्रत्येक वंचित समाजाने वेळीच वाचले पाहिजे, आणि चुकीचे असेल तर तिथेच हरकत घेतली पाहिजे.