बावीस टन

शिराळ्याकडच्या एका चढावर उसाचा ट्रॅक्टर पाहिला, तेव्हा त्याची पुढची दोन्ही चाकं हवेत होती. वीतभरच, पण हवेत. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, पुढच्या बंपरवर वजन म्हणून बसवलेली दोन पोरं, आणि ड्रायव्हर चक्क पायांनी गाडी वळवत होता. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात. डावा दाबला की तोंड डावीकडे येतं. सोय आहे शेतात आखूड वळण घेण्यासाठी. डांबरी रस्त्यावर एसटीला बाजू देताना तिचा असा उपयोग बघितल्यावर मी त्या ट्रॉल्यांच्या मागोमाग कारखान्यापर्यंत गेलो.

केन यार्डात मळीचा आंबूस वास आणि डिझेलचा धूर एकत्र कोंडलेला. नंबर लागायला वेळ होता. किती भरलाय, असं विचारलं. ‘‘बावीस टन.’’ आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन? ड्रायव्हर हसला. ‘‘सव्वादोन धरा.’’

त्याच्या मालकाला, अण्णांना, नवा ट्रॅक्टर घ्यायचा होता आणि यार्डातला प्रत्येक जण त्यांना सल्ला देत होता: टू व्हील, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारा, की चारही चाकं ओढणारा फोर बाय फोर? फरक लाख-सव्वा लाखाचा. तोडणी-वाहतुकीच्या धंद्यात हा पैसा सहज निघत नाही. टोळीला दिलेली उचल बुडाली की हंगामच बुडतो. अण्णांनी ते एकदा सोसलेलं होतं.

टू व्हीलवाल्यांचं म्हणणं वाटतं तितकं अडाणी नव्हे. ट्रॅक्टर ओढायला लागला की त्याचा भार आपोआप मागच्या चाकांवर सरकतो, पकड तिथंच मिळते. कोरड्या डांबरावर तेवढी पुरते. पुढचं तोंड हलकं पडतं म्हणून बंपरला लोखंडी वजनं, मागच्या एकेका टायरात दोन-अडीचशे लिटर पाणी, आणि तेही कमी पडलं तर ती पोरं. (पोरांची मजुरी कोणत्या खात्यात धरतात, ते अण्णांनी सांगितलं नाही.) शिवाय फोर बाय फोरची पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं फिरतील अशीच योजना असते. मातीत ती घसरून जुळवून घेतात. डांबरावर घसरायला जागा नसते. ‘‘रोडला टाकून चालवलं की पुढची टायरं खाऊन टाकतंय,’’ हे तिथं सगळ्यांना पाठ होतं.

पण उसाची खेप रस्त्यावर सुरू होत नाही, फडात सुरू होते. दुसऱ्या दिवशी वारणाकाठच्या एका काळ्या रानात गेलो. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झालेला. बायका-पुरुष फळीवरून डोक्यावरच्या मोळ्या चढवत होते आणि ट्रॉली भरेल तशी चाकं खाली चालली होती. भरून झाल्यावर अण्णांचा जुना ट्रॅक्टर जोडला. क्लच सोडला, मागची चाकं जागेवर फिरली, नक्षीत चिखल भरून टायर गुळगुळीत झाला. एका ठिकाणी फिरणारं चाक स्वतःचाच खड्डा खणतं. चाकाखाली पाचट टाकलं, तेही गिळलं. शेवटी शेजारच्या वस्तीवरून फोर बाय फोर आला, वायररोप लावला आणि एकेक ट्रॉली बांधावर काढली. त्याचे पैसे शेतकऱ्यानं मोजले. ड्रायव्हरची ‘एंट्री’, म्हणजे खुशालीचे पैसे, निराळी. अण्णांचा निर्णय तिथंच झाला असावा.

माझा मात्र त्या बावीस टनांवरून विचार हटेना. वीस फुटांना एक फूट चढ असेल, तर बावीस टनांना वर न्यायलाच टनापेक्षा जास्त ओढ लागते, घर्षण सोडून. उतरताना तेवढाच जोर मागून ढकलतो. ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. ट्रॉल्यांना नाहीतच. म्हणजे बावीस टन थांबवायचे ते सव्वादोन टनांच्या दोन चाकांनी. मागची ट्रॉली पुढचीला रेटते, पुढची ट्रॅक्टरला, आणि ट्रॅक्टर आडवा झाला की ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

इथं फोर बाय फोरचा खरा उपयोग आहे, आणि यार्डात तो फक्त त्या ड्रायव्हरनं सांगितला. ‘‘उताराला लागायच्या आधी लिव्हर टाकायची, साहेब. गेर हलका न्हाई करायचा.’’ मग चारही चाकं गिअरबॉक्सला बांधली जातात. मागचा ब्रेक पुढच्या चाकांनाही धरतो, इंजिनचा रोध चौघांत वाटला जातो. उतारापुरती टायरं झिजली तर झिजू द्यावीत. ओढायला म्हणून घेतलेली पुढची चाकं अशी थांबवायला कामी येतात.

अण्णांनी फोर बाय फोरच बुक केला. आता चोवीस टनही सहज निघतील, असं म्हणाले. ट्रॉल्यांच्या आठ चाकांना ब्रेक बसवायला किती लागतील, असं मी विचारलं. ‘‘ते कोण बसवतंय?’’ म्हणून त्यांनी काट्याची पावती खिशात घातली.