घरात बडबड, माइकसमोर गप्प! मुलांची भाषणाची भीती नेमकी कशी कमी होते? समजून घ्या

सोसायटीच्या गणेशोत्सवातली वक्तृत्व स्पर्धा आठवा. नववीतली मुलगी माइकसमोर येते. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो' इथपर्यंत गाडी सुसाट जाते. तिसऱ्या वाक्याला ती अडखळते. समोर आईबाबांच्या मोबाइलवर शूटिंग सुरूच असतं. ती मान खाली घालून उतरते आणि पुढच्या वर्षी नावच देत नाही.

हीच मुलगी मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते. मग माइकसमोर नेमकं होतं काय? आणि त्यावर उपाय काय?

भीती वाटणं हा दोष आहे का?

अजिबात नाही. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की शरीर धोक्याचा इशारा देतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. ताणावर संशोधन करणारे तज्ज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम ताण निर्माण करण्यासाठी भाषणाचाच वापर करतात. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात तयार झालेली ही चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. थोड्या तयारीनंतर चेहऱ्यावर कुठलाही भाव नसलेल्या परीक्षकांसमोर बोलायचं आणि मग तोंडी वजाबाकी करायची. एवढ्यानं बहुतेकांच्या शरीरातलं कॉर्टिसोल वाढतं. म्हणजे मोठ्यांचीही हीच गत होते. त्यात किशोरवयात 'बाकीचे काय म्हणतील' ही काळजी जास्तच असते.

समोरच्याला आपली धडधड दिसते का?

आपल्याला वाटते तेवढी दिसत नाही. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपली घबराट सगळ्यांना स्पष्ट दिसतेय, असं बोलणाऱ्याला वाटत होतं. ऐकणाऱ्यांना मात्र ती बरीच कमी जाणवली. ज्यांना ही गोष्ट भाषणाआधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली.

म्हणून मुलांना नुसतं 'घाबरू नकोस' म्हणून भागत नाही. 'घाबरलीस तरी चालेल, समोरच्यांना ते फारसं कळत नाही' हे सांगणं जास्त उपयोगी पडतं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ मधला अभ्यासही लक्षात घेण्यासारखा आहे. भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्सुक आहे' म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली.

पाठ केलेलं भाषण ऐनवेळी दगा का देतं?

पाठांतर ही साखळी असते. एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. शिवाय भाषण बऱ्याचदा आई किंवा शिक्षकांनी लिहिलेलं असतं. वाक्यच आपलं नसेल तर विसरल्यावर नवं सुचणार कुठून?

माझंच सांगतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये मी पूर्ण वेळात एकच वाक्य बोललो. विषय माहीत होता, मुद्दे कागदावर लिहिलेले होते. पण तोवरच्या शिक्षणात पाठ न करता चारचौघांसमोर बोलायची वेळ फार तर दोन-तीनदाच आली होती.

क्लास लावावा का?

लावायचा असेल तर आधी एक साधं गणित करा. तासाभराच्या बॅचमध्ये ३० मुलं आहेत आणि अर्धा वेळ सर बोलतात. मग प्रत्येकाच्या वाट्याला येतो फक्त एक मिनिट. म्हणून फी विचारण्याआधी 'माझं मूल दर आठवड्याला किती मिनिटं बोलेल?' हे विचारा.

१९२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स क्लबची पद्धत यासाठी पाहण्यासारखी आहे. तिथे आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलतात. एक जण वेळ मोजतो, एक जण बोलताना आलेले 'अं...' मोजतो आणि शेवटी सुधारणा सांगितल्या जातात. त्यांचं सदस्यत्व १८ वर्षांपुढच्यांसाठी आहे. पण हीच पद्धत चार मुलं जमवून सोसायटीच्या हॉलमध्येही चालते आणि त्याला खर्च शून्य.

इंग्रजीतच बोलायला हवं का?

आत्मविश्वास आणि इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकदम शिकवायला गेलं की मूल व्याकरणाच्या धास्तीनंच गप्प होतं. ज्या भाषेत विचार सुचतो, त्या भाषेत आधी उभं राहू द्या. इंग्रजीचा सराव नंतर जोडता येतो.

घरी काय करता येईल?

- ३० सेकंदांपासून सुरुवात: विषय रोजचाच घ्या. आजची मॅच, कॅन्टीनमधला वडापाव, न आवडलेला सिनेमा. जमलं की वेळ वाढवा.
- तीनच मुद्दे: पूर्ण भाषण लिहू नका. चिठ्ठीवर तीन शब्द पुरे. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा.
- श्रोते हळूहळू वाढवा: आधी आजी, मग दोन मित्र, मग वर्ग. थेट स्टेज नको.
- थांबायला शिकवा: विसरलं तर श्वास घ्यायचा, चिठ्ठी पाहायची, पुढे जायचं. दोन सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला खटकत नाही.
- मध्ये टोकू नका: संपल्यावर एक चांगली गोष्ट आणि एकच सुधारणा सांगा. शेजारच्या मुलाशी तुलना नको.
- व्हिडिओ विचारूनच: रेकॉर्डिंग मुलानं स्वतः पाहण्यासाठी असावं, फॅमिली ग्रुपसाठी नाही.

तज्ज्ञांची मदत कधी घ्यावी?

थोडी घबराट सगळ्यांनाच होते. पण मूल बोलावं लागेल म्हणून शाळा टाळत असेल, वर्गात हजेरीलाही आवाज फुटत नसेल आणि हे महिनोन्‌महिने सुरू असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

गांधीजींचंही असंच झालं होतं!

बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. ते खाली बसले आणि ३० रुपये फी परत करून बाहेर पडले. ही फजिती त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्या भिडस्तपणामुळे मोजकं बोलायची सवय लागली, असंही ते लिहितात.

तेव्हा यंदा तुमची मुलगी स्टेजवर अडखळली, तर घरी येताना 'काय विसरलीस?' असं विचारू नका. 'पुढे काय सांगायचं होतं तुला?' असं विचारा. राहिलेलं भाषण ती रिक्षातच पूर्ण करेल.