पायातला जीव : म्हातारपण, स्नायू आणि पेशींतले बॉयलर



दर अंकात आम्ही बेणे, लागण, खोडवा, पाचट यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. आपल्या कारखान्याचे पहिले शेअर ज्यांनी घेतले ती पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. गटवार फिरताना ही मंडळी ओसरीत बाजेवर बसलेली दिसतात. "काय आबा, बरं आहे का?" विचारलं, की उत्तर ठरलेलं : "बरं आहे, पण पायात जीव राहिला नाही." हा पायातला जीव म्हणजे नेमका काय, तो जातो कुठे, आणि थोडा तरी परत आणता येतो का, हे आज पाहू.

घरची चूक

आधी आमचीच चूक सांगतो. आमचे वडील तात्या सत्त्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी छातीत कफ होऊन आठ-दहा दिवस दवाखान्यात होते. घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी त्यांना जपायचे ठरवले. "तात्या, आता तुम्ही उठू नका. पाणी हातात देतो, ताट बाजेवर आणतो." तीन महिने असे लाड केले. टॉनिकच्या बाटल्याही आणल्या. छाती बरी झाली, पण तात्यांना बाजेवरून उठायला दोघांचा आधार लागू लागला. आजारापेक्षा आमच्या मायेनेच त्यांचे जास्त नुकसान केले, हे तेव्हा आम्हांला कळले नाही.

नंतर मोतीबिंदूच्या कामासाठी तात्यांना दादरला थोरल्या बंधूंकडे नेले. बंधू रेल्वेतून निवृत्त झालेले, राहायला शिवाजी पार्कजवळ. तिथे सकाळी जे पाहिले त्याने आमचे डोळे उघडले.

शिवाजी पार्क हे सुमारे अठ्ठावीस एकरांचे मैदान, १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. भोवतीचा कट्टा एक किलोमीटरहून थोडा जास्त भरतो. पहाटेपासून तिथे ऐंशीच्या पुढची माणसे काठी टेकत, गप्पा मारत फेऱ्या घालतात. मैदानाच्या एका बाजूला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तेही १९२५ सालचेच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब तिथे आजही शिकवला जातो, आणि शिकणाऱ्यांत पोरांबरोबर वयस्कर माणसे व दृष्टिहीन मुलेही असतात. तिथले उदय देशपांडे यांना याच कामासाठी २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली भरली, ती याच शिवाजी पार्कवर.

बंधूंच्या शेजारचे एक गृहस्थ चौऱ्याऐंशी वर्षांचे. ते तात्यांना म्हणाले, "अहो, मी काही मल्लखांब करीत नाही. खुर्चीतून उठतो, बसतो, पुन्हा उठतो. एवढंच." तिथून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

स्नायूच्या आतला कारखाना

आपल्या कारखान्यात रस काढल्यावर बगॅस उरतो. तो बॉयलरमध्ये जळतो, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. शरीरातही असेच आहे. स्नायूच्या प्रत्येक पेशीत अतिसूक्ष्म बॉयलर असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. आपण खाल्लेली भाकरी साखर होऊन रक्तात येते, श्वासातून प्राणवायू येतो, आणि दोहोंच्या मेळाने तंतुकणिकेत 'एटीपी' नावाचे रसायन तयार होते. स्नायू आखडायचा तर हीच त्याची वीज.

हे एटीपी शोधणाऱ्यांत आपला एक माणूस होता. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फिस्के यांच्याबरोबर अमेरिकेत १९२९ साली ते वेगळे काढले. जर्मनीत लोमान यांनीही त्याच वर्षी. पुढे असे कळले की तंतुकणिकेत खरोखरच एक टर्बाइन आहे. प्रोटॉन नावाचे कण पडद्यातून परत वाहताना एक सूक्ष्म चक्र फिरवतात आणि त्यातून एटीपी बनते. या शोधांबद्दल मिचेल यांना १९७८ साली, आणि बॉयर व वॉकर यांना १९९७ साली नोबेल मिळाले.

एकाच साखरेच्या कणापासून प्राणवायूशिवाय फक्त २ एटीपी मिळतात, तंतुकणिकेत पूर्ण जळाली तर सुमारे ३०. म्हणजे बॉयलर नीट असला तर तेवढ्याच इंधनात पंधरापट काम. शरीरात एका वेळी एटीपीचा साठा मूठभरच असतो. ते पुन्हा पुन्हा बनवावे लागते. दिवसाचा हिशोब केला तर जवळजवळ आपल्या वजनाइतके भरते.

म्हातारपणी काय होते?

तीन गोष्टी होतात. पहिली, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंच्या तारा कमी होतात, आणि तार तुटलेला धागा सुकतो. त्यातही चपळ धागे जास्त जातात. ठेच लागल्यावर चटकन पाऊल पुढे टाकून सावरायचे काम याच धाग्यांचे, म्हणून म्हातारा माणूस पडतो. दुसरी, बॉयलर जुने होतात : इंधन तेवढेच, वीज कमी, धूर जास्त. तरुण पेशी मोडके बॉयलर भंगारात काढून नवे उभारते. उतारवयात ही डागडुजी मंदावते. तिसरी, तेवढेच दूध-डाळ खाल्ले तरी त्याचे मांस पूर्वीइतके धरत नाही.

या झिजेला शास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात. हे नाव अमेरिकेतील रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात, त्यामुळे स्नायू घटले की मधुमेहही बळावतो.

आणि या सगळ्याला घाई करते ते अंथरूण. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सत्तरीच्या आतबाहेरच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवले, तर पायांचे जवळजवळ एक किलो मांस गेले. तात्यांना आम्ही तीन महिने बसवले होते!

खोडव्याचा धडा

आता चांगली गोष्ट. बोस्टन येथे १९९० साली सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीचे मांस ९ टक्के वाढले. १९९४ साली शंभर वृद्धांवर तोच प्रयोग झाला, सरासरी वय ८७. तिथेही व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. पण ज्यांना व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय दिले त्यांना फारसा गुण आला नाही. टॉनिकवर पैसे घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बगॅसचा ढीग लावून वीज होत नाही, बॉयलर पेटवावा लागतो.

स्नायूने काम मागितले की पेशी नवे बॉयलर उभारते, हा नियम नव्वदीतही चालतो. खोडव्याचे तसेच नाही का? खोडवा जुना म्हणून बुडत नाही, "खोडवाच आहे" म्हणून आपण लक्ष काढतो म्हणून बुडतो. बुडखे छाटले, खत-पाणी वेळेवर दिले, तर तो लागणीच्या जवळपास उतारा देतो. मात्र कबूल केले पाहिजे, की खोडव्याची लागण होत नाही. नव्वदीचा माणूस तिशीचा होणार नाही. पण स्वतः उठून मोरीपर्यंत जाणे आणि दुसऱ्याच्या हाताची वाट बघणे, यात फार मोठे अंतर आहे.

घरी काय करावे?

१) मोजमाप घ्या. उसाची जाडी मोजतो तशी पोटरी सर्वांत जाड जागी टेपने मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषानुसार पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, किंवा हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा जास्त लागले, तर सावध व्हावे.

२) भक्कम खुर्ची भिंतीला लावून उठ-बस करावी. सुरुवातीस हात टेकून पाच वेळा, मग दहा, मग हात न टेकता. दिवसाआड, आणि शेजारी घरचे माणूस उभे पाहिजे. सोपे वाटू लागले की थोडे वाढवावे. वाढवले नाही तर ताकद वाढत नाही.

३) रोज चालावे. अंगणात का होईना. चालण्याने बॉयलर वाढतात, उठ-बशीने धागे जाड होतात, दोन्ही पाहिजे.

४) वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी १ ते १.२ ग्रॅम प्रथिने, ती तिन्ही जेवणांत वाटून. पन्नास किलोच्या माणसाला दोन पेले दूध, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, एक अंडे व दोन भाकरी यांत ती बहुतेक भागतात. दात नसतील तर दाण्याचे कूट, मऊ भाकरी दुधात. नुसता चहा-बिस्किटावर माणूस ठेवू नये.

५) छातीत दुखणे, चक्कर, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, नुकतेच हाड मोडले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. वजन एकाएकी उतरत असेल तर तपासणी करावी. सगळेच म्हातारपणावर ढकलू नये.

६) सुरू केलेले सोडू नये. बोस्टनच्या मंडळींनी व्यायाम थांबवला तेव्हा महिन्याभरात मिळवलेल्या ताकदीचा बराच भाग गेला.

तात्यांचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. पहिल्या दिवशी दादरला खुर्चीतून ते दोनदाच उठले, तेही वहिनींचा हात धरून, आणि आमच्यावर चिडले. गावी आल्यावर रोज सकाळी शिव्या देत देत का होईना, उठत राहिले. आठ महिन्यांनी काठी टेकत विहिरीजवळच्या बांधापर्यंत गेले, खोडव्याकडे बघून म्हणाले, "नांग्या भरल्या नाहीत का रे?" एवढे बोलणे ऐकायला आम्ही किती दिवस आसुसलो होतो!

तेव्हा सभासदहो, घरातल्या जुन्या माणसाला "तुम्ही बसा" म्हणण्याआधी थोडा विचार करावा. त्याऐवजी हात पुढे करून "चला, उठू या" म्हणावे. एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी