पातळी आणि कल : यंत्रांच्या नोंदी निवळण्याविषयी

‘ताप 101 आहे’ आणि ‘ताप चढतो आहे’ ही दोन विधाने मराठी भाषक कधीही एक समजत नाही. पहिले स्थिती सांगते, दुसरे गती. रोग्याच्या उशाशी बसलेल्यास दोन्ही हवी असतात. यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्याचीही गरज हीच आहे. परंतु नोंदींतील चढउतार निवळण्याच्या सर्वांत सोप्या रीतीत पहिल्या विधानालाच काय ती जागा असते. त्यातून कोणता दोष उद्भवतो व त्याचे निवारण कसे होते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण डोळ्यांपुढे आणू. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. 14 मध्यवर्ती भागात एकवटल्या असून उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर विखुरल्या आहेत. इतक्या पसरलेल्या यंत्रणेची प्रकृती प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहणे शक्य नसते. ती आकड्यांच्या ओळींतूनच वाचावी लागते.

समजा, अशा एखाद्या अँटेनेच्या विद्युत्-पेटीतील तापमान दर दहा मिनिटांनी नोंदले जाते. एखादी नोंद अकारण उडी मारते, म्हणून सुट्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. तेव्हा नव्या नोंदीस 0.2 आणि आधीच्या निवळलेल्या मूल्यास 0.8 असा भार देऊन नवे मूल्य काढतात. तापमान एका पातळीभोवती हेलकावत असेल तोवर ही रीत उत्तम चालते.

आता समजा, पंखा बिघडला आणि 30 अंशांवर असलेले तापमान प्रत्येक नोंदीगणिक अर्ध्या अंशाने वाढू लागले. निवळलेले मूल्य मागे पडू लागते आणि हे अंतर अखेर 2 अंशांवर स्थिरावते. त्याचा हिशेब सोपा आहे : दर नोंदीमागील वाढीस 0.8 ने गुणून 0.2 ने भागावे. धोक्याची सीमा 40 अंश असेल, तर प्रत्यक्ष तापमान विसाव्या नोंदीस ती गाठते. निवळलेले मूल्य मात्र चोविसाव्या नोंदीस. म्हणजे इशारा चाळीस मिनिटे उशिरा मिळतो. नव्या नोंदीचा भार वाढविल्यास उशीर घटतो, पण खोट्या उड्या पुन्हा डोके वर काढतात.

या पेचातून चार्ल्स होल्ट यांनी 1957 साली वाट दाखविली. त्यांच्या रीतीत दोन राशी सांभाळल्या जातात : पातळी आणि कल. आधीच्या पातळीत आधीचा कल मिळवून अपेक्षित मूल्य काढावयाचे, नव्या नोंदीशी भार देऊन त्याची सांगड घालावयाची, आणि पातळीत जो फरक पडला त्यावरून कलही तशाच भाराने सुधारावयाचा. वाढ एकसारखी असली, तर काही नोंदींनंतर मागे पडणे नाहीसे होते.

तथापि ही रीतही निर्दोष नव्हे. चढ एकाएकी थांबला, तर जुना कल मूल्यास काही काळ पुढे रेटतो. शिवाय दुपारचे ऊन म्हणजे बिघाड नव्हे. सकाळची रोजची चढण या रीतीला निव्वळ कल वाटते. ठरावीक काळाने फिरून येणाऱ्या अशा चढउतारांसाठी पीटर विंटर्स यांनी 1960 साली तिसरी राशी जोडली.

एक सावधगिरी मात्र सर्व रीतींना समान आहे : मूळ नोंदी टाकून देऊ नयेत. केंब्रिज येथे 1967 साली जोसलिन बेल यांना आलेखपट्टीवर एक बारीकशी खरखर दिसली. तिचा पाठपुरावा केल्यावर सुमारे 1.3 सेकंदांनी येणारे स्पंद आढळले आणि पल्सार या ताऱ्यांचा शोध लागला. खोडदची दुर्बीण आज अशाच ताऱ्यांचा वेध घेते. ती रेघ कोणी आधीच फार निवळून ठेवली असती, तर खरखरीबरोबर ताराही पुसला गेला असता. निवळलेली रेघ इशाऱ्यासाठी असते. निर्णयासाठी मूळ नोंदीकडेच परतावे लागते.