हत्तरगी: महामार्गालगतचं विमानांचं वर्कशॉप

बेळगावहून निपाणीकडे निघालं की काकती आणि होनगा मागे पडतात, वंटमुरीचा घाट संपतो आणि हत्तरगीचा टोलनाका येतो. टोल भरून संकेश्वरकडे सुसाट निघणाऱ्या बहुतेकांना हत्तरगीची ओळख एवढीच. पण हुक्केरी तालुक्यातल्या याच माळावर 250 एकरांची एक औद्योगिक वसाहत आहे आणि तिथं एअरबस, बोइंगच्या विमानांत बसणारे सुटे भाग घडतात. प्रिसिजन इंजिनिअरिंगसाठी अधिसूचित झालेला देशातला हा पहिला विशेष आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे सेझचा, प्रकल्प. सुरू झाला 2009 मध्ये.

आउटसोर्सिंग म्हणजे रात्रपाळीचं कॉल सेंटर, असं समीकरण आपल्याकडे पक्कं झालंय. हत्तरगीची कूळकथा वेगळी आहे. अजित प्रभू आणि अरविंद मेळ्ळिगेरी या दोघांनी 1997 साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत क्वेस्ट ही कंपनी काढली. परदेशी कंपन्यांच्या यंत्रांचं डिझाइन आणि विश्लेषण भारतातल्या इंजिनिअरांकडून करून द्यायचं, हा तिचा व्यवसाय. ज्या भागाचं ड्रॉइंग आपण करतो, तो घडवूनही आपणच का देऊ नये, ही त्यापुढची पायरी; हत्तरगीची वसाहत त्यातूनच उभी राहिली. उत्पादनाचा कारभार नंतर वेगळा झाला आणि मेळ्ळिगेरींच्या नेतृत्वाखाली एक्वस या नावानं वाढला. डिसेंबर 2025 मध्ये ही कंपनी शेअर बाजारातही उतरली.

बेळगावच का? उद्यमबागेत चक्कर मारली की उत्तर मिळतं. फाउंड्र्या, लेथ, मिलिंग, गिअर कटिंग आणि दिवसरात्र चालणारं जॉबवर्क. सुरेश हुंद्रे यांनी उभ्या केलेल्या पॉलिहायड्रॉनसारख्या कारखान्यानं हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्हमध्ये बेळगावचं नाव केलं. गोगटे इन्स्टिट्यूट 1979 पासून इंजिनिअर घडवतेय, तर विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय 1998 पासून इथंच आहे. मायक्रोमीटर हातात धरायची सवय या शहराला विमानांच्या आधीपासून होती. ती नसती तर नुसत्या स्वस्त जमिनीवर हा डोलारा उभा राहिला नसता, असं माझं ठाम मत आहे.

विमानाच्या एका भागाला जन्मताना किती हातांतून जावं लागतं, हे समजलं की या वसाहतीचं मर्म कळतं. आधी फोर्जिंग, म्हणजे तापलेल्या धातूला दाबून आकार देणं. त्यासाठी फ्रान्सच्या ओबेर ए दुव्हाल कंपनीच्या भागीदारीत इथं 10,000 टनांची प्रेस बसली. मग मशीनिंग. मग पृष्ठभागावरची रासायनिक प्रक्रिया. त्यासाठी कॅनडाची मॅजेलन भागीदार आहे. जोडणीसाठी स्वीडनची साब आली. पूर्वी यातलं एकेक काम एकेका देशात व्हायचं आणि भाग महिनोन्‌महिने जहाजातून, विमानातून फिरत राहायचा. इथं तो एका कुंपणाच्या आत एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो. खरी बचत या वाचलेल्या फेऱ्यांत आहे. मजुरी स्वस्त, हा हिशेब अर्धाच.

तपासणीची एक पद्धत तर सविस्तर सांगायलाच हवी. तयार भागावर चमकणारा रंगद्रव लावतात, तो मुरू देतात आणि पृष्ठभाग धुऊन काढतात. मग त्यावर पावडर मारून अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली भाग धरतात. डोळ्याला एरवी न दिसणारी केसाएवढी भेगही त्यात राहिलेल्या रंगामुळे हिरवट-पिवळी उजळते. बघणाऱ्यानं आधी अंधाराला डोळे सरावू द्यायचे, असा दंडकच आहे. मंजुरीची सही करणारा माणूस प्रशिक्षित आणि प्रमाणित असावा लागतो, कारण त्याच्या नजरेवर पुढं शेकडो प्रवाशांची भिस्त असते.

सीमाभागात वाढलेल्यांना आणखी एक गोष्ट नवलाची वाटेल. 1956 पासून आपण एका सीमेचा प्रश्न उराशी घेऊन जगतोय; हत्तरगीत कायद्यानं आणखी एक सीमा आखली आहे. सेझचं आवार जकातीच्या दृष्टीनं देशाच्या हद्दीबाहेर धरलं जातं. त्यामुळे उद्यमबागेतल्या कारखानदारानं इथं माल दिला, तर टेम्पो तासाभरात पोहोचत असला तरी कागदोपत्री ती निर्यात होते. आतला माल देशात विकायचा तर आयातीसारखं शुल्क भरावं लागतं.

मात्र त्या गेटच्या आत पोहोचणं उद्यमबागेतल्या छोट्या कारखानदाराला सोपं नाही. विमान उद्योगाची गुणवत्ता प्रमाणपत्रं, मोजमापाची महागडी यंत्रं, प्रत्येक धातूच्या तुकड्याचा जन्मापासूनचा कागद, हा खर्च दहा-बारा कामगारांच्या शेडला पेलत नाही. सरकारी मदत म्हणून आपण नेहमी जमिनीच्या आणि करसवलतीच्या घोषणा ऐकतो. इथं गरज आहे ती सामायिक चाचणी प्रयोगशाळेची, प्रमाणपत्राच्या खर्चात वाट्याची आणि आयटीआयमध्ये पाच अक्षांच्या सीएनसी यंत्रांची. निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या पोरांनी डिप्लोमा झाला की पुण्याची गाडी धरायची, हे आता अंगवळणी पडलंय. त्यांना गावाजवळ काम मिळायचं असेल, तर या यंत्रांचं शिक्षण हत्तरगीच्या आसपासच्या आयटीआयमध्ये, हाताखाली चालू यंत्र देऊन व्हायला हवं. हुक्केरी आणि निपाणी तालुक्यांतल्या संस्थांपासून त्याची सुरुवात करता येईल.