तंबोऱ्यामागचे आसन

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची बारा वर्षांची कन्या न्हाणीघराचे दार लावून घेतले की यमनातला तीव्र मध्यम असा काही लावते, की ओटीवर बसलेल्या माणसाने हातातले वर्तमानपत्र खाली ठेवावे. परंतु तेच गृहस्थ पाहुण्यांपुढे चहा ठेवता ठेवता "या आठवड्यात नवीन काय शिकलीस, म्हणून दाखव बरं," असे फर्मान सोडतात, तेव्हा ती माजघरात अशी गडप होते, की तिला हुडकून आणण्याची तजवीज आजीला करावी लागते. पाहुणे "लाजाळू आहे हो" म्हणून चकल्यांकडे वळतात आणि प्रकरण दप्तरी दाखल होते.

वस्तुतः या लाजेत शरीराचा वाटा मोठा असतो. अनोळखी नजरा खिळताच मेंदूतील बदामाच्या आकाराचे एक केंद्र धोक्याची वर्दी देते, मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिनची रसद सोडतात, आणि झुंजण्याची किंवा पळण्याची सिद्धता होऊन हृदय धडधडते, तोंडास कोरड पडते, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. पळणाऱ्यास हे सारे उपकारक. पण ज्याला दीर्घ, संथ श्वासावर षड्ज तोलून धरावयाचा आहे, त्याची या सिद्धतेने दैनाच उडते. सर्वांचा पिंडही सारखा नसतो. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बालकांची अपरिचित आवाज, वास आणि हलत्या खेळण्यांशी गाठ घालून दिली, तेव्हा सुमारे पाचांतले एक मूल हातपाय झाडून रडू लागले. त्यांतली पुष्कळ पुढे बुजरी निघाली, सगळी मात्र नव्हेत.

या बाबतीत झुरळांचा दाखला मला विशेष उद्बोधक वाटतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1969 साली असे दाखविले, की उजेडापासून अंधाऱ्या पेटीकडे सरळ वाटेने धावणारे झुरळ, काचेआड इतर झुरळे बसलेली असता, एकट्याने धावण्यापेक्षा लवकर पोचते. वाट वळणाची केली, की त्याच प्रेक्षकांपुढे त्याला उशीर लागतो. (असा श्रोतृवर्ग मी काही मैफलींतही पाहिला आहे.) झायन्स यांनी 1965 मध्येच मांडलेले तत्त्व असे, की इतरांच्या सान्निध्याने अंगवळणी पडलेली क्रिया बळावते. म्हणजे गळ्यावर चढलेली चीज चारचौघांत खुलेल आणि परवा शिकलेली तान तिथेच मोडेल. आमचे गृहस्थ नेमकी परवाचीच तान मागत होते!

मग भीती जावी कशी? 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात असता ससा पिंजऱ्यातून दूर ठेवावयाचा, मुलाची तक्रार नसेल तर हळूहळू जवळ आणावयाचा, आणि सशाला न भिणारी इतर मुलेही अवतीभवती असू द्यावयाची, असा तो क्रम होता. अखेरीस पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला.

आपल्या गवयांनी ही हकीकत वाचली असण्याचा संभव कमीच; तरी शिष्याला मैफलीत मागे तंबोऱ्यावर बसविण्याचा त्यांचा रिवाज याच वाटेने जातो. तिथे श्रोते दिसतात, पण त्यांची नजर बुवांवर असते. हाताला तारांचे काम असते, कानाला षड्जाचा आधार असतो, आणि बुवांनी मान किंचित वळविली की घोकून मुरलेली एखादी ओळ तेवढी उचलावयाची. ससा अजून खोलीच्या पलीकडच्या टोकाला आहे.

त्या मुलीच्या बाईंनी यंदाच्या गुरुपौर्णिमेला तिला असेच मागे बसविले. तासाभरात तिच्या वाट्याला यमनच्या अस्थाईची एकच ओळ आली, तीही बाई पाण्याचा घोट घेत असताना. वडील दारापाशी चपलांच्या घोळक्यात उभे होते, आणि पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध श्रोत्याने हा आवाज कुणाचा हे पाहण्यासाठी बाईंच्या खांद्यापलीकडे मान उंचावली.