पिवळ्या पाहुण्याचे गाणे आणि घरधन्याचा खोकला

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी माझ्या दवाखान्यात आले. कोरडा खोकला, जिना चढताना दम, संध्याकाळी अंगात कणकण. थुंकीची तपासणी दोनदा झाली, क्षय नव्हता. औषधानेही उतार पडेना. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर, मुलीकडे पुण्याला पंधरा दिवस होतो, तेव्हा मात्र ठणठणीत होतो." मी विचारले, "गुरुजी, घरात काही पाळले आहे का?" "आहेत ना, सहा कॅनरी! त्यांच्याच खोलीत झोपतो."

दुखण्याचे मूळ तिथेच होते. पक्ष्यांच्या पिसांवरील बारीक भुकटी व वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे छातीत जाते. सर्वांनाच ती बाधते असे नाही. परंतु काहींच्या शरीराला तिचे वावडे निर्माण होते आणि फुफ्फुसांना सूज येते. पिंजरा साफ केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला आणि दुसऱ्या दिवशी आराम, अशी याची चाल असते. दुर्लक्ष झाले तर फुफ्फुसे कायमची कडक होतात. म्हणून खोकला रेंगाळला, तर घरातील पक्ष्यांविषयी डॉक्टरांना आपणहून सांगावे.

गंमत अशी, की धूळ-धुराचा त्रास या पक्ष्यालाही आपल्यापेक्षा लवकर होतो. त्याचा श्वसनाचा वेग मोठा, म्हणून विषारी वायू त्याला आधी भोवतो. ब्रिटनच्या कोळसाखाणींत याच कारणासाठी कॅनरी नेत असत. १९८६ साली ती प्रथा बंद करण्याचे ठरले. तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. नॉनस्टिक तवा फार तापला, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. डासांची कॉइल, उदबत्ती, विडी यांचा धूरही नको.

वाचकहो, हौस जरूर करा, पण पुढील पथ्ये सांभाळा. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक असावा, म्हणजे पक्ष्याला उडता येते. तो झोपण्याच्या खोलीत नको. हवेशीर पडवीत, परंतु वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावा. तळाचा कागद रोज बदलावा. सफाईपूर्वी पाणी शिंपडावे, नाकातोंडावर मास्क बांधावा, नंतर हात साबणाने धुवावेत. खाण्यास राळा, थोडे कारळे, धुतलेली कोथिंबीर द्यावी; कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगावा. पाणी रोज ताजे हवे. तांबड्या कॅनरीचा रंग आहारातील रंगद्रव्यावर अवलंबून असतो. पिसे नव्याने येताना किसलेले गाजर द्यावे. पक्षी पिसे फुगवून गप्प बसला, शेपटी श्वासाबरोबर हलू लागली, तर वेळ न दवडता पशुवैद्य गाठावा.

एकदा वावडे जडले, की मास्क व साफसफाई पुरेशी होत नाही. पक्षी घराबाहेर जाणे हाच खरा उपाय, औषधे त्याच्या जोडीला. गुरुजींना हे सांगताना मलाच जड गेले. ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी सहाही कॅनरी शेजारच्या गल्लीतील पुतण्याच्या अंगणात गेल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला. आता गुरुजी सकाळी फिरायला निघतात आणि त्या कुंपणाबाहेर जरा थांबून, दुरूनच गाणे ऐकून पुढे जातात.